दोन शतांश

शिरोलीच्या फाट्यावर उसाच्या ट्रॉल्या अडकलेल्या,
म्हणून दोघंही उशिरा आले.
एकानं फोन करून कळवलं, दुसरीनं नाही.
तिथंच माझ्या पोरानं पहिली फुली मारली.

पोरगा पुण्यात शिकून आलाय, फॉर्म त्यानंच काढलाय:
शिक्षणाला दहा, स्वभावाला दहा.
'आपल्यात बसणारं माणूस पाहिजे पप्पा,
डिग्र्या काय, रद्दीच्या भावानं मिळत्यात.'
मला पटलं. लगेच पटलं, हेच जरा वाईट.
मी नववी नापास.
शहाऐंशी साली उद्यमनगरात मला कुणी कागद मागितला नव्हता.
मी वाळू चाळत होतो, मगदूम शेठ बघत उभे राहिले
विडी संपेपर्यंत,
आणि म्हणाले, उद्यापासनं ये.

धैर्यशील खोत. आयटीआय, दोन विषय राहिलेले.
गेटवरच्या बापू कुंभाराला मामा म्हणाला,
माझ्या चुलत्याच्या तालमीतलाच निघाला,
कटवडा आला तर बशी आधी माझ्याकडं सरकवली.
टेबलावरचा ब्रॅकेट दोन्ही हातांनी उचलून म्हणाला,
'शेठ, काय माल हाय!'
माझी पहिली ओतीव आहे ती.

तस्लीम शिकलगार. बी.ई., मेटलर्जी.
खुर्चीच्या कडेवर बसली,
चहावर साय आली तरी कपाला हात नाही.
विचारलं तेवढंच बोलली,
कार्बन किती, सिलिकॉन किती, ओतताना ताव किती.
मग तोच ब्रॅकेट उचलला,
किल्लीनं दोनदा वाजवला, कान जवळ नेला.
'हा इथं बद्द वाजतोय. आत पोकळी असणार.'

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
सदतीस वर्षं टेबलावर आहे तो तुकडा.
दसऱ्याला झेंडू वाहतो आम्ही त्याला.
पोरानं लिहिलं, स्वभाव: दोन.

रात्री सगळे गेल्यावर ब्रॅकेट घेऊन करवतीपाशी गेलो.
कापला नाही.
पाना घेऊन वाजवला, आधी ह्या बाजूनं, मग त्या.
इतक्या वर्षांत पुसला, मिरवला,
पाहुण्यांच्या हातात दिला.
वाजवला कधीच नव्हता.

बुशात शाफ्ट बसवायला मगदूम शेठनीच शिकवलं मला.
हातोड्यानं ठोकला तरी बसतो,
दिसायला एकदम झकास,
आणि फिरत नाही.
मापात माप घेतलं तर फिरतो थोडा वेळ,
तापतो, धरतो.
'तेलाला जागा ठेव रे,' म्हणायचे.
नुसता डोळ्यांनी बघितला तर
ती जागा दिसतसुद्धा नाही.

धैर्यशील मला का आवडला?
चांगला आहे म्हणून, ते खरंच आहे.
पण कटवडा खाताना तो हसला
तेव्हा मला माझंच हसू ऐकू आलं,
माझ्याच वयाचं, माझ्याच पेठेतलं.
अशी तीस माणसं आहेत माझ्याकडं.
तिसांतल्या एकानंही
त्या ब्रॅकेटला किल्ली लावली नाही.

सकाळी पोरगा फॉर्म घेऊन आला.
'पप्पा, स्वभावाला दोनच आहेत. बसायची नाही ती.'
मी पेन घेतलं, दोनच्या पुढं लिहिलं: शतांश.
'मिलिमीटरचे. तेवढी फट लागती.'
त्याला कळलं नाही. मलाही धड कळलंय का,
ते पहिल्या हीटला बघू.
तिनं त्या दिवशी फोन का केला नाही,
ते आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं.

धैर्यशीलला मोल्डिंगला बोलावलंय,
राहिलेले दोन विषय सोडवायच्या बोलीवर.
तो हो म्हणाला, जरा पडलेल्या आवाजात.

ब्रॅकेट अजून टेबलावरच आहे.
यंदा त्याला झेंडू वाहायचा का नाही,
दसरा लांब आहे अजून.