दोन्ही एकच इसम

शेअर सर्टिफिकेटवर केळसकर,
मृत्यूच्या दाखल्यावर केलसकर.
हायकोर्टाच्या टेस्टामेंटरी खात्यातून
अर्ज परत आला,
ल भोवती पेन्सिलीचा गोल.
वकीलबाई म्हणाल्या, काही नाही हो,
एक प्रतिज्ञापत्र टाकू.

विकायचं काय, तर
माहीम, कापड बाजाराच्या मागे, तिसरा मजला,
तीनशे चाळीस चौरस फूट, गॅलरी धरून.
एवढ्यासाठी दोन वर्षं आणि एक सुटकेस कागद.
उल्हासनं संमती दिली.
माझी कसलीही हरकत नाही,
असं नऊ ठिकाणी सही करून दिलं त्यानं.
जन्मात पहिल्यांदा.
मग चहा पिताना विचारलं,
कपाटाचं काय करणार आहेस?

मृत्युपत्राला साक्षीदार दोन.
डॉक्टर तिरोडकर आधीच गेले,
अण्णांच्याही आधी.
उरले खालचे इस्माईल टेलर,
आता मुंब्र्याला मुलाकडे, एका डोळ्यात मोतीबिंदू.
वकीलबाईंनी विचारलं,
सही करताना ते शुद्धीवर होते?
चांगलं वाईट कळत होतं?
इस्माईलचाचांनी उशाखालून वही काढली.
दुकान विकलं, वह्या नाही विकल्या.
तारीख तीच निघाली. त्याच दिवशी अण्णांनी
एक विजार टाकली होती उंची कमी करायला.
कंबर बत्तीस. लांबी साडेअडतीस, त्यातून एक इंच काप.
शिलाईचे तीस सांगितले,
वीस मिनिटं हुज्जत घालून वीस दिले.
और कितना होश चाहिए, मॅडम?

ते प्रतिज्ञापत्रात घेता येत नाही म्हणाल्या.
घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मी वहीचं ते पान बघत राहिले.
अण्णांचा फोटो आहे माझ्याकडे, घड्याळ आहे,
पण मांडीचा घेर कुठे होता लिहिलेला?
शेवटी ती विजार
नाडीनं बांधावी लागायची.

मग फोर्टात, नोटरीच्या टेबलाशी,
झाडाखाली, कावळा वर,
मी शपथेवर लिहून दिलं.
मी, खाली सही करणार, वय त्रेपन्न, धंदा नोकरी,
सत्यप्रतिज्ञेवर सांगते की
केळसकर आणि केलसकर
ही एकाच व्यक्तीची नावं आहेत.

एक जो रॉकेलच्या रांगेतून धावत आला होता
माझा दहावीचा निकाल ऐकायला.
आणि एक जो शेवटच्या वर्षी
मला म्हणायचा, बाई, तुम्ही कुणाकडच्या?
उशीर झाला, घरी वाट बघत असतील.
मी त्याचं तोंड पुसायचे आणि म्हणायचे,
जाते हं थोड्या वेळानं.

सत्य समजून वाचून पाहिलं.
दोन्ही एकच इसम.
नोटरीनं शिक्का मारला, शाई उडाली,
साठ रुपये घेतले.

प्रोबेट आलं ते एका मंगळवारी.
मृत्युपत्राची नक्कल मागे शिवलेली, पुढे मोहोर.
मालमत्तेच्या तपशिलाचं एक परिशिष्ट,
त्यात सगळं : फ्लॅट, पोस्टातली ठेव,
घरगुती सामान अंदाजे रुपये चार हजार.
दुसरं परिशिष्ट मयताच्या देण्यांचं.
त्यात टाइप केलेलं : निरंक.
मी तिथेही सही केली होती, न वाचता.

रजिस्ट्रेशनला फोटो, अंगठा, परत फोटो.
घेणारं जोडपं तरुण, मालाडचं,
मुलगी पोटाशी.
चावी दिली. उल्हास कपाट घेऊन गेला होता,
भिंतीवर त्याची चौकोनी सावली.
तिनं एकच विचारलं,
पाणी किती वाजता येतं?

पाचला दहा कमी असताना, मी म्हटलं.
आधी नळ खोकतो दोनदा.
तेव्हा उठलात तर पिंप भरतं,
नाही तर मग
दुपारपर्यंत काटकसर.
तिनं फोनवर टिपून घेतलं.
गॅलरीचं दार ओढून घ्यावं लागतं, हेही सांगणार होते,
पण ती आत
ओट्यावर हात फिरवून बघत होती,
उंची तिला बरोबर होती.