वाळवण

शेजारच्या कारव्हानमधून हार्म उतरतो,
हातात कॉफी, पायात घरातल्याच सपाता,
आणि दरवर्षीचाच प्रश्न विचारतो:
"अजून हेच, चित्स्के? ही चाकांवरची पेटी?"

हेच.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,
आमचं पाठीमागे, दोन चाकांवर,
मिटलं की जेमतेम कमरेएवढं.
म्हणून डोक्कमपासून ड्रेन्थच्या रानापर्यंत
गाडीच्या आरशात मागचा रस्ता दिसत राहतो:
कालवा, उचललेला पूल,
सायकलवरची पोरं,
आणि आम्ही मागे टाकलेला
एकुलता एक ट्रॅक्टर.
तुझ्या आरशात, हार्म, फक्त तुझंच घर.

गाडी आमची लहान,
शिवणयंत्रासारखी कुरकुरते, पण ओढते.
आणि जिथे वाळूत रुतून हट्ट धरते
तिथे जोड सोडवून
मी आणि डौवे ट्रेलर हातानेच ढकलतो.
डौवेच्या कमरेचं मत वेगळं असतं.
तिला कोणी विचारत नाही.

उभारायला वीस मिनिटं:
पंधरा तंबूची, पाच भांडणाची.
निळ्या पट्टीची दांडी कुठली, लाल पट्टीची कुठली,
पट्ट्या तर कधीच्याच निघून गेल्यात.
लग्नाला चौतीस वर्षं झाली,
हे भांडण तेवढं कोरं राहिलंय.

मग झाकण उलटतं,
कॅनव्हास आळोखेपिळोखे देत उठतो
आणि आत पलंग,
घरी घातलेल्या चादरीसकट,
जमिनीपासून चांगला हातभर वर.
खालून रात्री पाणी जाऊ दे,
बेडूक जाऊ देत, गोगलगाई जाऊ देत.
आम्ही अंथरूण पाहून पाय पसरतो
आणि ते पुरतं.

भिंतींना कान असतात म्हणतात.
कापडाचं तसं नाही,
कापड म्हणजे नुसता कानच.
परवा त्यातून घुबड ऐकू आलं,
आणि त्यानंतर यिल्डौ,
बावीस वर्षांची, बर्चच्या झाडाखाली,
फोनवर कुणाला तरी सांगत होती,
"नाही, रडत नाहीये."
सकाळी मी काही विचारलं नाही.
तिच्या पावावर चॉकलेटचा चुरा
दुप्पट भुरभुरला.
तिनेही काही विचारलं नाही.

"पण आज निघताय ना?" हार्म म्हणतो,
"आणि हा तर ओलागच्च."

खरं आहे. इथे तू जिंकतोस.
रात्रभर पाऊस होता,
आणि ओला कॅनव्हास मिटून ठेवला
तर दोन दिवसांत काळे ठिपके,
जुन्या मोज्यांचा वास.
म्हणून घरी पोचल्यावर
कपडे धुण्याआधी, टपाल फोडण्याआधी
तो पुन्हा उभारावा लागतो,
वाळवण म्हणून,
अंगणात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी.
समोरची बाई पडद्याआडून बघते:
आताच आली ना ही माणसं?
परत कुठे निघाली?

आणि हे मी तुला आजवर सांगितलेलं नाही, हार्म.
त्या रात्री आम्ही घरात झोपत नाही.
डौवे आत जातो, दात घासतो,
स्वयंपाकघरातला दिवा विसरून परत येतो.
घर अकरा पावलांवर.
ओलसर कापडाच्या खिडकीतून
आम्ही तो दिवा बघत पडतो
आणि मला दरवेळी वाटतं,
कोण राहत असेल तिथे,
जेवले असतील का.

गेल्या वर्षी यिल्डौ शेवटची बस सोडून
उशी घेऊन आली,
मधोमध झोपली,
लहानपणी झोपायची तशी, आडवी.

हार्म कॉफीचा गाळ गवतावर ओततो.
त्याच्या कारव्हानच्या छतावरचं पाणी
कधीच सुकलंय.
काहीतरी बोलणार असतो, बोलत नाही.

बरं, उभाच आहेस तर
ते टोक धर.
नाही, ते नाही.
निळ्या पट्टीचं.