तिसरा मैल

माझगावातून निघायचं, गोदीच्या भिंतीकडेने,
आणि कॉटन ग्रीनच्या गोदामांसमोर तिने बंद पडायचं.
तिसरा मैल. काटा मैलांचाच आहे, तिचा देश तसा.
दर रविवारी. कारण मी तिला रविवारीच काढते.

एमजी मिजेट, त्रेसष्टची,
रंग नीळ कमी पडलेल्या चादरीचा.
व्हीआरएसच्या पैशात लोक विरारला खोली घेतात.
मी दोन खुर्च्यांची गाडी घेतली.
जाऊबाई म्हणाल्या, यात डबा कुठे ठेवणार गं?
मांडीवर.

तेहतीस वर्षं गावदेवीच्या एक्स्चेंजमध्ये रिले ऐकले मी.
पाठ करून उभी असले तरी सांगायचे,
चौथ्या रॅकमधला चिकटलाय.
म्हणून मागच्या चाकाजवळचा पेट्रोलचा पंप
मला परका वाटला नाही.
चावी फिरवली की टकटकटकटक,
मग टक,
मग टक,
मग गप्प.
हे गप्प होणं चांगलं. वाट्या भरल्या, आता पुरे, असं.
तिसऱ्या मैलावरचं वेगळं.
हात लावावा तर पंप तापलेला,
फणफणलेलं पोर बोलत नाही तसा.
आणि अर्धा तास थांबलं की चालू. हा खरा छळ.
पुरती मेली असती तर शोधणं सोपं होतं.

पहिला संशय पंपाच्या पॉइंट्सवर.
काजळी होती. एक्स्चेंजच्या पट्टीने घासली
(परत करायची राहून गेली ती, कुणी विचारलं नाही).
रविवार. कॉटन ग्रीन. बंद.

मग नळी. आताच्या पेट्रोलात उसाची दारू,
जुन्या रबराला ती सोसत नाही.
चिमट्यात दाबली तर आतून काळा भुगा.
पेट्रोल चहाच्या गाळणीतून गाळलं,
नळी नवी घातली, गाळणीही नवी आणली.
रविवार. बंद.

मग दोन्ही कार्ब्युरेटर, स्वयंपाकघरात, पेपर पसरून.
फ्लोट कानाशी हलवून पाहिला, आत काही खुळखुळलं नाही.
सुई तिच्या जागी नीट बसत होती.
डॅशपॉटमध्ये शिलाई मशीनचं तेल.
पिस्टन उचलून सोडला, टच् करून खाली बसला. निरोगी.
त्या रात्री भाकरीला पेट्रोलचा वास.
रविवार.

रे रोडच्या वाजिद मिस्त्रीला फोन केला.
वय पंच्याहत्तर, सायकलवर आला.
बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही.
वळसा घालून मागे गेला, वाकला.
"ये ढक्कन किसने लगाया?"

मी लावलं. कुलूपवालं. ऑपेरा हाऊसहून, साडेआठशेला.
गेल्या चैत्रात रात्री कुणीतरी नळी घालून पेट्रोल ओढत होतं.
जुन्या ढक्कनाला बारीक भोक होतं, मला वाटलं गंजून पडलं.
याला जाड रबर, घट्ट, मुंगी शिरणार नाही.

त्याने चावी मागितली, अर्धा फेरा दिला.
टाकीने एवढा लांब श्वास आत ओढला
की समोरचा हमाल विडी तोंडातून काढून बघत राहिला.
आणि मागून लगेच,
टकटकटकटक.

आमचा रॉकेलवाला डब्याला दोन भोकं पाडायचा,
एक रॉकेलचं, एक वाऱ्याचं.
मी वाऱ्याच्या भोकावर बोट ठेवायचे.
धार तुटायची. तो ओरडायचा.
म्हणजे सहा वर्षांची असताना मला हे येत होतं.

मिस्त्रीने पैसे घेतले नाहीत, ढक्कन घेतलं.
कशाला, ते विचारायचं राहिलं.
जुनं मनीप्लांटच्या कुंडीखाली सापडलं,
सुईने भोक मोकळं केलं.
आता शिवडीच्या चिखलापर्यंत जाते, डबा तिथे उघडते.

मंगळवारी टाकीत पेट्रोल कमी होतं.
फार नाही, अर्धा लिटर.
सकाळी वॉचमनच्या भाच्याची स्कूटर
खोकत, फटफटत, अडखळत फाटकाबाहेर पडली.
मी खिडकीत उभी राहून ऐकलं.
त्याच्या कार्ब्युरेटरमध्ये हवा जास्त जातेय.
सांगायला हवं त्याला एकदा.