उलटा एम

पेटवे आला तेव्हा तिसा गोठलेली होती.
अकरावा क्लब, म्हणाला,
बोटं संपल्यावर मोजणं सोडलं.

माझ्याकडे क्लबची धुणी, आणि जर्सीवरची अक्षरं.
त्याच्या नावात डब्ल्यू.
आमच्या हंगेरियनचं त्यावाचून अडत नाही,
डब्यात एकही सापडेना.
शेवटी मोल्नारचा एम सोलला
(तो गुडघा घेऊन घरी बसला होता)
आणि उलटा करून इस्त्रीनं चिकटवला.
लांबून कळायचं नाही.

खेळायचा बरा. फार नाही.
पडलेल्याला हात द्यायचा, समोरच्या संघातल्यालाही.
पलंग अपुरा, म्हणून पायांखाली
बिअरचे दोन क्रेट, वर माझी जुनी उशी.
अलाबामातून मुलगी फोनवर विचारायची,
बाबा, तिथे आता काल आहे की उद्या?

मार्चमध्ये पगार थांबले.
एका सकाळी खोलीची किल्ली माझ्याच हातात ठेवली.
तुर्कस्तानात कोणाचा तरी खांदा निखळलाय, म्हणाला,
आनंद दाबत,
जरा ओशाळून.

जर्सी तापवली, अक्षरं सुटली.
मोल्नार सोमवारी परत येणार होता.
एम सरळ लावायला घेतला
आणि कितीतरी वेळ
त्याची वरची बाजू कुठली, तेच आठवेना.