लोखंडाचे चणे

राहे गावात नोव्हेंबरला तीन वाजताच दिवस मालवतो.
समुद्र अजून गोठलेला नाही,
पण त्यानं मनात आणलंय.

प्रयोगशाळेत मी आणि पेत्तेरी.
क्वार्ट्झच्या नळीत खनिजाच्या सदतीस गोळ्या,
हरभऱ्याएवढ्या, तांबूस.
खनिज म्हणजे जन्मजात गंज:
लोखंडाचा आणि प्राणवायूचा असा चिवट संसार
की काडीमोड करायला आजवर कोळसाच मध्ये पडला
आणि दलालीत आभाळ काळं करून गेला.

आता हायड्रोजन. हलका, अबोल.
पण त्याची एक खोड,
काम करताना ऊब खातो.
भट्टी बाहेरून कितीही पेटवा,
गोळीचं पोट मागेच राहतं;
साल लोखंडाची, आत तोच जुना हट्ट.

म्हणून आम्ही लहरी सोडतो.
त्याच, ज्यांच्यावर कॅन्टीनमध्ये
कालचं माशाचं सूप गरम होतं.
लहर दार वाजवत नाही,
थेट माजघरात जाऊन चूल पेटवते.
निदान तसं व्हावं.
तिसरी खेप चिकटून ढेकूळ झाली. वहीत लिहिलं.
पेत्तेरीनं शिवी हासडली, ती लिहिली नाही.

चौथी खेप. आठशे अंश.
नळीच्या थंड टोकाला दव धरलं,
एक थेंब,
मग घाई नसलेला दुसरा.
धूर म्हणायचा तर एवढाच.

ते पाणी कुपीत भरून बाबांकडे नेलं.
ओलावी, एकतीस वर्षं कोकभट्टीवर,
जन्मभर हेच चणे चावले त्यांनी.
नाक तिथेच ठेवून आले.
करपलेली कॉफी, नातवाची टाळू,
आईच्या खोलीतलं शेवटचं औषध,
काही पोचलं नाही त्यांच्यापर्यंत.

सोबत एक गोळी दिली, करडी झालेली.
फ्रिजवरच्या ताल्लिनच्या चुंबकानं
तिला धरलं ते सोडेना.
तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.
कुपी नाकाशी धरून बसले.
"कसला वास आहे?"
"कसलाच नाही."
"नक्की?"
मी पुन्हा हुंगलं. "नक्की."

तेव्हा हसले,
इतक्या वर्षांनी कुणीतरी
त्यांच्याइतकंच हुंगलं म्हणून.

कुपी त्यांनी खिडकीबाहेर ठेवली, का कोण जाणे.
सकाळी फोन आला: फुटली, बर्फ झाला रात्री.
असू दे, मी म्हटलं,
आज पाचवी खेप आहे.