दोन टिंबं

लिफ्ट बनवते म्हणे ती कंपनी,
समुद्रापलीकडे, जिथं बर्फ पडतो.
आमच्या चिम्वालात दुसरा मजलाच नाही.
सगळ्यात उंच काय, तर म्बावाचं झाड.
त्याच्या सावलीत सहावीपर्यंतची शाळा,
आणि आभाळ भरलं की सुट्टी.

सिमेंट त्यांचं. पत्रे त्यांचे. खिडक्यांचे गज त्यांचे.
विटा आमच्या.
कागदावर एका ओळीत आलं ते:
गावाचा सहभाग – विटा, वाळू, पाणी.
पाणी म्हणजे एसनात, माझी बायको,
आणि तिच्यासारख्या एकोणीस जणी,
चुली पेटायच्या आत ओढ्यापासून टेकडीपर्यंत
चार चार खेपा.
भट्टी दोन रात्री जळली.
नाफिरी म्हातारी तिच्याशेजारी जागली,
बाळंतिणीपाशी बसावं तशी.

मी लेविसन, रंगारी.
सलूनच्या पाट्या, शवपेट्यांच्या दुकानाची पाटी,
आजवर एवढंच.
मला कंपनीचं नाव काढायला दिलं, भिंतभर, निळ्यात.
आठ अक्षरं. मधल्या एका 'ए'वर दोन टिंबं.
"ही कशाला?" मी इंजिनीअरला विचारलं.
"चुकवू नकोस," तो म्हणाला.
त्यालाही तेवढंच ठाऊक होतं.

पाहुणे आले. एक बाई उन्हानं लालबुंद,
तरी हसत होती. खरंच हसत होती, मी पाहिलं.
गावप्रमुखानं तिला जिवंत कोंबडी दिली,
ती विमानात चालत नाही
म्हणून ड्रायव्हरच्या घरी शिजली.

मग वर्ग भरले. एकेका खोलीत एकशे दहा.
पोरं त्या टिंबांना गिनीकोंबडीचे डोळे म्हणू लागली.
छोटा यामिकानी मातीत 'ए' काढतो
तो डोळे काढल्याशिवाय उठत नाही.
लुसुंगू मॅडम आधी खोडायच्या.
आता खोडत नाहीत.

यंदा पत्र आलं.
कंपनी विकली गेली, नाव बदललं;
जुनं पुसा, नवं लिहा, रंगाचे पैसे पाठवलेत.
मॅडमचा पगार चार महिने थकलाय, त्याचं काही नाही.
तो त्यांचा विषयही नाही म्हणा, सरकारचा.
संडासाचा खड्डा अर्ध्यावर आहे, तो कुणाचा विषय
ते अजून ठरायचंय.

शिडी लावली. एसनात खाली धरून उभी.
"पुसतोच आहेस तर आमची नावं लिही," ती थट्टेत म्हणाली,
"वीस मावतील का?"
मी हसलो, पण भिंत नजरेनं मोजली.
मावली असती.

हिरव्यात सहा अक्षरं काढली. फोटो गेला.
सगळं ठीक, असं उत्तरही आलं.
त्यांना दिसलं नसावं:
पांढरा हात फिरवताना
मी दोन ठिकाणी ब्रश उचलला होता.

आता ती कुठल्याच अक्षरावर नाहीत,
नव्या नावाच्या जरा वर, निळी,
नुसती बघत असतात
ओढ्याकडून चढत येणाऱ्या
डोक्यांवरच्या बादल्या.