चौथी फेरी

दुपारचे तीन. कॉलेजच्या व्यायामशाळेत
पंखे एकवर ठेवलेत, मतपत्रिका उडू नयेत म्हणून.
टेबल क्रमांक सहा: मी, सरकारी मराठी शाळेतली बाई,
आणि समोर गोकाककडचे हुल्लोळी सर.
ते कन्नडात मोजतात, मी मराठीत.
पन्नासाला दोघेही थांबतो
आणि गठ्ठ्याला रबर लावतो.

विधान परिषदेची ही जागा, मतदार म्हणजे पंचायतींचे सदस्य.
इथं नुसतं कुणाला म्हणून भागत नाही.
हा नसेल तर कोण, तोही नसेल तर कोण,
जांभळ्या पेनानं सांगायचं, आकड्यांतच.
एकानं अक्षरात ‘एक’ लिहिला होता,
वळणदार, दहापैकी दहा.
बाद.

आकडे मात्र कुठल्याही भाषेतले चालतात.
मराठी एक काठी टेकून उभा.
कन्नड एक म्हणजे तोंड न मिटलेलं वर्तुळ,
सकाळी मी त्याला शून्य म्हणाले
तर हुल्लोळी सर हसले,
“बाई, शून्य नाही ते. माणूस आहे.”

पहिल्या दोन फेऱ्यांत अपक्ष गेले, तिसरीत एक वकील.
चौथीत शमशाद किल्लेदार, एकशे अठरा मतं.
माईक खरखरला, नाव वाचलं,
आणि ती मागच्या बाकावरून उठून उभी राहिली
हजेरी घेतल्यासारखी.
मग तिचा गठ्ठा आमच्याकडे आला, सोडवायला.

सभांमध्ये एक बोर्ड कुठल्या लिपीत लावायचा
यावर डोकी फुटली होती.
गठ्ठ्यात तसं काही दिसेना.
मराठी एकाखालून तल्लूर निघत होते,
कन्नड एकाखालून नारोजी बिर्जे.
कुठल्या गावचं मत, हे पत्रिका सांगत नाही.
बरंच आहे.

त्र्याहत्तरावी.
शमशादपुढं मराठी एक, तल्लूरपुढं कन्नड दोन,
बाकी कोरं.
अशी मिसळ चालते का?
साहेब आले, चष्मा कपाळावर ढकलून
नियमांचं पुस्तक चाळलं, कुणाला तरी फोन लावला.
तोवर आम्ही त्या दोन आकड्यांकडे बघत बसलो.
एकाची शेपटी खाली जाऊन पुन्हा वर वळली होती,
मासे धरायच्या गळासारखी.

ती शेपटी माझ्या पाटीवर शिकलीय.
मी पहिलीत होते, आई तिशीत.
कन्नड आकडे ती डेअरीच्या पासबुकातून शिकली,
लिटर चुकले की पैसे चुकतात म्हणून.
जागा महिला राखीव झाली तेव्हा अप्पांनी तिला उभी केली,
सही गिरवून घेतली,
आणि परवा पाठ करून घेतलं:
बिर्जेपुढं एक, बाकी काही नाही.

खरं शेपटी काय, पुष्कळांची वळते.
मी काही पाहिलं नाही.

“वैध,” साहेब म्हणाले.
हुल्लोळी सरांनी ती तल्लूरच्या ट्रेत ठेवली
आणि माझ्याकडे बघितलं नाही.
शेवटी उरल्या एकतीस,
ज्यांत एकापुढं काहीच नव्हतं.
त्यांना संपलेली मतं म्हणतात.
त्यांचा ट्रे वेगळा असतो.

साडेआठला तल्लूर आले, नऊ मतांनी.

शेवटच्या बसनं कडोलीत उतरले.
कट्ट्यावर अप्पांचा आवाज चढलेला:
“दगा कुणी दिला ते काढतोच शोधून.
आमच्या घरचं मत तर पक्कं होतं.”
आत तवा तापलेला.
“लई येळ लागला की गं मोजायला.”
“चार फेऱ्या झाल्या.”
“आणि ती किल्लेदाराची पोरगी?”
“चौथीत गेली.”
तिनं भाकरी निखाऱ्यावर घातली, फुगेपर्यंत थांबली.
“मग तिची मतं?”
“पुढं गेली,” मी म्हटलं, “बहुतेक.”

अंबाडीच्या भाजीवर तिनं तेल सोडलं, 
मिठाचं भांडं जवळ सरकवलं,
आणि पहिली संपायच्या आत
न विचारता दुसरी भाकरी ताटात टाकली.